‘हाफ होत नाही सर’: बेळगावात बाहेर जेवताना

गेल्या महिन्यात पुतण्यानं विचारलं, "काका, बाहेर जेवायचं, पण मनाला टोचणार नाही असं कुठं?" म्हणजे अन्न वाया जाऊ नये, राबणाऱ्याला धड पगार मिळावा, प्लॅस्टिक कमी असावं आणि ताटातलं फार लांबून आलेलं नसावं. हाच प्रश्न आमच्या घरात तीन-चार वर्षं चाललाय. आमच्यापुरता निकाल लागलाय, पण तो सगळ्यांना पटेलच असं नाही.

पर्याय खरं तर दोनच. एक, हायवेला किंवा कॉलेज रोडच्या बाजूला झालेली मोठी फॅमिली रेस्टॉरंट्स. हल्ली त्यांच्या मेनूकार्डावर हिरवं पान छापलेलं असतं आणि ‘ऑरगॅनिक’, ‘फार्म फ्रेश’ असं लिहिलेलं असतं. दोन, आपली भाकरीची खानावळ, कानडीत रोटी ऊटा. उडपी हॉटेलं मी यात धरत नाही. तिथं नाश्ता होतो, जेवण होत नाही. (इडलीवाले रागावतील, रागावू देत.)

आधी मोठ्या रेस्टॉरंटची बाजू मांडतो, कारण ती कमजोर नाही. स्वच्छतागृह नीट असतं. आईला गुडघ्याचा त्रास, तिला टेकून बसता येतं. कामाला मोठी माणसं असतात, गणवेशात, आणि निदान काही ठिकाणी तरी त्यांचा पीएफ कापला जातो असं वेटरनंच सांगितलंय. खानावळीत हे छातीठोक सांगता येत नाही. हॉटेल-ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला 2006 च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे, तरी एका खानावळीत दहा-अकरा वर्षांचा पोरगा टेबल पुसताना बघितला. विचारलं तर उत्तर, "आमचाच आहे, सुट्टीत आलाय." नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात कसली सुट्टी? तिथं परत पाऊल टाकलं नाही. दुसरं, चुलीवरची भाकरी म्हणून आपण मिटक्या मारतो, पण त्या चुलीपुढं बसलेल्या बाईच्या छातीत धूर जातो, याचाही विचार हवा. मी आता गॅसवर भाकऱ्या करणारीच खानावळ धरतो. चवीत फरक पडतो, खोटं कशाला बोलू.

मासे खायचे असतील तर रेस्टॉरंटलाच जावं लागतं. पण 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासे विणीला येतात म्हणून. त्या दिवसांत गोव्याकडच्या चोर्ला घाटातून ‘ताजी’ सुरमई कुठून आली, एवढं तरी विचारावं. मी जुलैत विचारलं तेव्हा वेटर आत गेला तो बिल घेऊनच बाहेर आला. आणि वीतभर सुरमई ताटात आली तर ती पिल्लूच. तिनं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.

आता ताटातल्या धान्याचं बघू. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि मोठ्या हॉटेलांत ‘मिलेट’ची पानं निघाली. नाचणीचा पास्ता वगैरे. आपल्याकडं सवदत्ती-अथणीच्या काळ्या रानात रब्बीची शाळू ज्वारी मुरलेल्या ओलीवर पिकते, पाटाचं पाणी न लागता. खानावळीत तिचं वेगळं पान नसतं, भिंतीवर पाटीही नसते. येते ती भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपलं भरलं वांगं, कधी शहापूर-येळ्ळूर शिवारातल्या मसुराची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, ताक आणि कच्ची मेथी-कांदापात. रेस्टॉरंटची बिर्याणी बासमतीची, तो तांदूळ उत्तरेतून येतो. हे सगळं मी मोजलेलं नाही, नुसतं बघितलंय.

पण माझा निर्णय यातल्या कशानंही झाला नाही. तो झाला ‘हाफ’नं.

आम्ही दोघंच गेलो होतो. बायकोला भूक बेताची, मलाही आता पूर्वीसारखं जात नाही. जिरा राईस हाफ मागितला. "हाफ होत नाही सर." बरं, डाळ तरी लहान वाटीत? "एकच साईज आहे सर." ज्या कर्नाटकात दोन माणसं एक कॉफी ‘बाय टू’ करून पितात आणि हॉटेलवाला न कुरकुरता दुसरा पेला आणून ठेवतो, तिथं हे. ताटात निम्मा भात उरला. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, तर म्हणाला, बाहेरचा डबा चालत नाही, आम्हीच पॅक करून देतो. आणि दोन प्लॅस्टिकचे डबे, वर कागदी पिशवी, तिच्यावर ते हिरवं पान! डब्यांचे पैसे बिलात वेगळे. निघताना मागच्या बाजूला गाडी काढली तर खरकट्याचा निळा पिंप दिसला. भात, नानचे तुकडे, पनीर, त्यात टिश्यू पेपर, लिंबाच्या फोडी, बडीशेपेच्या पुड्या. असं मिसळलेलं जनावरापुढंही टाकता येत नाही. त्यानंतर दोन-तीन ठिकाणी मुद्दाम हाफ मागून बघितला. एकानं दिला, बाकीच्यांनी नाही. माझं नशीब असेल, तुमचं कदाचित बरं असेल.

खानावळीत उलटा ताप असतो: आग्रह. वाढपी ताटावर उभाच, "इन्ना स्वल्प री?" म्हणजे अजून थोडं? हात आडवा धरला तर बोटांवर आमटी. पण इथं एक शब्द चालतो, "साक री", म्हणजे पुरे. तो वेळेत आणि जरा मोठ्यानं म्हणायचा. भात यायच्या आधीच "स्वल्प हाक री", थोडाच वाढा, म्हटलं की चमचाभरच पडतो. तोंड वाकडं होत नाही, कारण तो वाचलेला भात दुसऱ्या ताटात जाणार असतो. नरम भाकरी लागेल तशी तव्यावरून येते. कडक रोटी तर आठवडेच्या आठवडे टिकते, ती वाया जायचा प्रश्नच नाही. कितीतरी ठिकाणी ती बचतगटातल्या बायकांनी केलेली असते, म्हणजे ताटातले चार पैसे कुणाच्या तरी घरी जातात. मी जातो तिथलं खरकटं शेजारच्या म्हशीवाल्याकडं जातं. लिंबू आणि कागद वेगळा काढलेला असतो, कारण म्हशीवाला ओरडतो.

पार्सल मात्र खानावळीतून नेऊ नका. गरम सांबार पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात, बंदी असूनही. डबा घेऊन गेलात तर हसत भरून देतात, वर विचारतात, "एवढाच डबा?"

तर पुतण्याला मी एवढंच सांगितलं. पाहुणे असतील, वाढदिवस असेल, आईला न्यायचं असेल तर रेस्टॉरंटला जा, पण फोन करून आधी हाफचं विचार. नाहीतर खानावळ. फक्त दीडच्या आत पोच. परवा मी पावणेतीनला गेलो. वाढप्यानं लांबूनच हात हलवला, "बदनीकाय मुगीतरी." वांगं संपलं होतं. उसळ आणि ताकावर जेवलो.