शेफ मंडळी सुट्टीच्या दिवशी कुठे जेवतात: मुंबईतली चार हॉटेलं

मुंबईतल्या शेफ मंडळींना त्यांची आवडती हॉटेलं विचारली की काही नावं हमखास निघतात: ताडदेवचं स्वाती स्नॅक्स, माटुंग्याचं कॅफे मद्रास, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया आणि काळा घोड्याचं तृष्णा. या चारही ठिकाणी सजावटीला फारसं महत्त्व नाही. पदार्थ आगीवरून उतरल्यावर किती वेळात पुढ्यात येतो आणि रोज तसाच येतो का, एवढंच धंद्यातला माणूस बघतो. त्यामुळे या ठिकाणी काय मागवायचं याइतकंच कधी आणि कोणत्या क्रमाने मागवायचं यालाही महत्त्व आहे.

स्वाती स्नॅक्स 1963 साली मीनाक्षी झवेरी यांनी सुरू केलं. इथे पहिल्यांदा जाणाऱ्याने पानकी मागवावी. तांदळाचं पीठ आंबट दह्यात कालवून काही तास ठेवायचं, त्यात आलं-मिरचीचं वाटण, हळद आणि थोडं तेल घालायचं. मग केळीच्या पानाला तेलाचा हात लावून त्यावर ते अगदी पातळ पसरायचं, वरून दुसरं पान झाकायचं आणि दोन्ही बाजूंनी तव्यावर भाजायचं. कृती एवढीच, पण चुकायला जागा भरपूर. पीठ दाट राहिलं तर मध्ये कच्चट लागतं आणि पानाला चिकटतं. फार सैल झालं तर सोडवताना फाटतं. दही पुरेसं आंबट नसेल तर चव सपाट येते. पानं आधी आचेवर धरून मऊ केली नसतील तर उलटताना चिरतात.

पानकी नीट झाली आहे हे ओळखायला खाऊन बघावं लागत नाही. पानावर बाहेरून तपकिरी डाग पडलेले हवेत आणि वरचं पान उचलताच आतला पापुद्रा आपोआप सुटायला हवा, त्यावर पानाच्या शिरा उमटलेल्या दिसायला हव्यात. सुटत नसेल तर ती तव्यावरून लवकर काढली आहे, किंवा टेबलावर पडून राहिली आहे. पानांच्या आत कोंडलेल्या वाफेचं पाणी झालं की ती चिवट होते. म्हणून चौघं असाल तरी सगळ्यांसाठी एकदम मागवू नका. दोन प्लेट मागवा, लगेच हिरव्या चटणीबरोबर संपवा आणि मग पुढची मागवा.

पानकीनंतर सातपडी रोटी आणि गट्ट्याची, म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या वळकट्यांची, भाजी घ्यावी. रोटीचे पदर खुसखुशीत असतात, म्हणून ती रश्श्यात बुडवून ठेवायची नाही, तुकडा मोडून त्यावर भाजी घ्यायची. फाडा नी खिचडी, म्हणजे गव्हाच्या दलियाची खिचडी, भुकेल्या माणसाला पुरेशी होते. तक्रार करायची तर एकच: प्लेटी लहान आहेत आणि चारपाच पदार्थ घेतले की बिल अपेक्षेपेक्षा वर जातं. टेबल आधी राखून ठेवता येत नाही. दारात नाव नोंदवून थांबावं लागतं. जेवणाच्या ऐन वेळा टाळून दुपारी चारच्या सुमाराला गेलात तर थांबायला कमी लागतं आणि पानकीही जास्त निगुतीने भाजून येते.

कॅफे मद्रास 1940 पासून किंग्ज सर्कलला आहे. सोमवारी बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. इथला मोठा गुण म्हणजे डोशाच्या तव्याची शिस्त. तवा फार तापला की पीठ पसरायच्या आतच धरतं आणि डोसा मध्ये जाड, कडेला फाटका होतो. म्हणून मधूनमधून पाणी मारून झाडूने पुसून तवा थोडा थंड करावा लागतो. गर्दीच्या वेळी हीच पायरी गाळली जाते आणि बऱ्याच हॉटेलांत रविवारचा डोसा मंगळवारपेक्षा वाईट लागतो. इथे तो फरक जाणवत नाही. नाचणीचा डोसा जरूर घ्या. नाचणीचं पीठ तांदळासारखं कुरकुरीत होत नाही, त्यामुळे पातळ पसरून धीराने भाजावं लागतं, आणि ते इथे जमलेलं आहे.

क्रम असा ठेवा: आधी रसम वडा, कारण भिजलेला वडा थंड झाला की गच्च होतो. मग पोडी, म्हणजे कोरडी चटणी, लावलेली इडली, त्यानंतर डोसा. डोसा आणि कॉफी एकदम मागवलीत तर दोन्हींपैकी एक थंड होणार. कॉफी सगळ्यात शेवटी, डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी आणि पेल्यात, दोनतीनदा उंचावरून ओतून घ्यायची. टेबलावर अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतात आणि खाणं झाल्यावर रेंगाळणं कोणाला आवडत नाही. बाहेर रांग उभी असताना ते बरोबरही नाही.

ब्रिटानिया 1923 सालचं इराणी हॉटेल आहे. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच बॅलार्ड इस्टेटचीही आखणी केली होती, त्यामुळे आजूबाजूच्या इमारतीही बघण्यासारख्या आहेत. हे दुपारच्या जेवणाचं ठिकाण, रात्रीचा बेत इथे आखू नका. बेरी पुलाव हाच इथे यायचा हेतू. इराणी झेरेश्क, म्हणजे लालबुंद, आंबट, मनुकेपेक्षाही लहान बेरी भातावर घातलेल्या असतात, सोबत तळलेला कांदा आणि काजू. ही बेरी फार नाजूक असते. ती जास्त वेळ आचेवर राहिली की काळी पडते आणि कडवट लागते, म्हणून लोण्यात जेमतेम परतून शेवटी घालायची असते. ताट आलं की बेरीचा रंग बघा: लाल आणि टपोरी हवी.

बरेच जण वरचा भात आधी खाऊन टाकतात आणि कोरडा लागला म्हणून नाराज होतात. मटण किंवा चिकन आणि त्याचा मसाला भाताच्या खाली असतो. चमचा तळापर्यंत घालून, शितं न मोडता, खालून वर असं कालवून घ्या. साली बोटी, म्हणजे पारशी पद्धतीचं रसदार मटण, घेतलीत तर वरच्या बटाट्याच्या सळ्या लगेच खा, रसात पडून मऊ झाल्या की त्यात मजा नाही. पालनजीचा रास्पबेरी सोडा इथल्या रिवाजाचा भाग आहे, पण तो गोड आहे आणि बेरीचा आंबटपणा झाकतो. जेवताना ताजा लिंबू सोडा घ्या. रास्पबेरी सोडा घ्यायचाच तर कॅरॅमल कस्टर्डच्या आधी किंवा नंतर.

तृष्णात वाइनची जाण असलेली मंडळी जास्त दिसतात, आणि त्याचं कारण बटर-पेपर-गार्लिक खेकडा. किंमत आकारावर ठरते, तेव्हा ऑर्डर पक्की करण्याआधी वजन आणि भाव दोन्ही विचारा. खेकडा दाखवायला आणला की नुसता आकार बघू नका. त्याच आकाराच्या दुसऱ्या खेकड्यापेक्षा जड असलेला घ्या. पोटाकडच्या कवचावर दाबल्यावर ते दबत असेल तर त्याने नुकतीच कात टाकली आहे आणि आत मांस कमी, पाणी जास्त निघेल. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. नांग्यांचं मांस हवं असेल तर नर घ्यावा. सॉसमध्ये लसूण पांढरा किंवा फिकट सोनेरी दिसायला हवा. तपकिरी झाला की कडू लागतो आणि मिरपुडीने तो कडूपणा लपत नाही. 1 जून ते 31 जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत पापलेट-सुरमईचा हट्ट धरू नका, खाडीतली चिंबोरी तेव्हाही ताजी मिळते.

वाइनबाबत मुंबईच्या हॉटेलांत दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यायची हा समज. आपल्याकडे खोलीचं तापमान 28 ते 30 अंश असतं, आणि रेडला हवेत 16 ते 18. गरम रेडचा नुसता अल्कोहोलचा भपका येतो. निःसंकोच बर्फाची बादली मागा आणि बाटली दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवा. दुसरी चूक म्हणजे जुनी व्हाइट. नाशिककडची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात आणि तिथल्या बहुतेक साध्या व्हाइट वाइन एकदोन वर्षांत प्यायच्या असतात. लेबलवरचं साल वाचा, चार वर्षांपूर्वीची असेल तर परत पाठवून ताजी मागा. खेकड्याबरोबर शिराझ नको: ही रेड वाइन समुद्री मांसाशी भिडली की तोंडात लोखंडासारखी चव येऊ शकते आणि मिरी आणखी जळजळते. नाशिकची शेनिन ब्लांक ही व्हाइट 8 ते 10 अंशांवर घ्या. तिचा आंबटपणा लोण्याचा जडपणा कापतो आणि किंचित गोडवा मिरीला सांभाळून घेतो. बाटली बर्फातून काढून टेबलावर उघडी ठेवू नका. खेकडा फोडून खायला बराच वेळ लागतो, तोवर ती कोमट होते.