जुन्या सीट्स दुकानात सोडून आलो, तिथंच फसलो

माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटीआय आहे. तीन दारांची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १९२ पीएस. ही गाडी भारतात २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि विक्रीला फक्त ९९ गाड्या होत्या. मी ती सेकंड हँड घेतली, तीही दोन वर्षं शोधून. हे आधीच सांगतोय, कारण गाडी दुर्मिळ आहे या एकाच गोष्टीवर मला फसवणाऱ्या दुकानदाराची सगळी चाल उभी होती, आणि ते माझ्या लक्षात यायला चार महिने गेले.

या गाडीच्या पुढच्या सीट्स कापडी आहेत. काळ्या-करड्या चौकटी, मधून लाल रेघ. जीटीआयची जुनी ओळखच ती. कुशीला आधार देणाऱ्या कडा बऱ्यापैकी उंच, पण बसायला मऊ. आई मागे, बायको पुढे, मुलगी आईशेजारी, असे आम्ही साताऱ्याला महिन्यातून एकदा जातो. कधी कुणाची पाठ दुखली नाही.

मग २०२४ मध्ये मित्रांबरोबर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला गेलो. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, एकामागून एक वळणं. रस्त्यावर जी सीट घट्ट वाटायची ती तिथं अगदीच सैल वाटली. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं आणि मग माणूस स्टीअरिंगला लटकतो. जे हात गाडी वळवायला हवेत ते स्वतःला सावरण्यात गुंततात. संध्याकाळी खांदे भरून आले होते. शेजारच्या गाडीत बकेट सीट होती, पाच मिनिटं तिच्यात बसू दिलं त्यानं. कंबर आणि खांदे दोन्हीकडून धरले जातात, हात मोकळे. परत येताना डोक्यात तेवढंच होतं.

बकेट सीट वाईट असते असं मी म्हणत नाही. ट्रॅकवर तिच्यासारखं काही नाही. पण मी वर्षातून दोन दिवस ट्रॅकवर जाणार आणि उरलेले दिवस पुण्यातल्या स्पीडब्रेकरवरून ऑफिसला. हा हिशेब दुकानात जाण्याआधी घरी बसून मांडायला हवा होता. तो मांडला नाही म्हणून पुढचं सगळं सोपं झालं त्या माणसाला.

दुकान शहराबाहेर हायवेला लागून. इन्स्टाग्रामवर पान, हजारो फॉलोअर, फोटो एकाहून एक. जपानहून हाफ-कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या जुन्या गाड्या येतात, त्यातल्या रेकारो या नावाजलेल्या जर्मन कंपनीच्या ओरिजिनल सीट्स, असं सांगणं. त्याच सुमारास, जुलै २०२४ च्या शेवटी, जर्मनीतल्या रेकारो ऑटोमोटिव्हनं दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली होती. बातमी शंभर टक्के खरी. ती मोबाइलवर माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "सर, कंपनीच बसली तिकडं. आता आहे तो शेवटचा माल. दिवाळीनंतर दुप्पट पैसे दिलेत तरी मिळणार नाही." खऱ्या बातमीला खोटा माल चिकटवला की तो खराच वाटतो. मला वाटला.

जोडीची किंमत १ लाख ४० हजार. ड्रायव्हरला एकसंध पाठीची फिक्स बकेट, शेजारी मागे कलणारी. मी घासाघीस करतोय म्हटल्यावर त्यानं अगदी सहज विचारलं, "जुन्या सीट्सचं काय करणार तुम्ही? फ्लॅटमध्ये ठेवणार कुठं? त्या आमच्याकडं टाका, ४० हजार कमी करतो." मला तर तो उपकारच वाटला. ५० हजार यूपीआयनं दिले, ५० हजार रोख. बिल मागितलं तर "जीएसटी लावलं तर तुम्हालाच महाग पडेल" म्हणून साध्या कागदावर आकडे लिहून दिले. वर शिक्का नाही, सही नाही. "आईंना मागं बसायला काही त्रास होणार नाही, डबल स्लायडर टाकतो," हेही तोंडीच. स्लायडर म्हणजे सीट पुढे-मागे सरकते ते रूळ.

पहिली खूण त्याच दिवशी नाकाला कळली होती. गाडी बंद करून घरी उभी केली, सकाळी दार उघडलं तर भपकन वास आला. फायबरची बोट किंवा गणपतीचं मखर नवीन बनवतात त्या कारखान्यात येतो तसा, रेझिनचा. जपानमध्ये दहा वर्षं वापरलेल्या सीटला ताज्या रेझिनचा वास कसा येईल? मी खिडक्या उघड्या ठेवल्या आणि विषय सोडून दिला.

दुसरी खूण आईनं दाखवली. तीन दारांच्या गाडीत मागे जायचं तर पुढची सीट पुढे झुकून सरकावी लागते. मूळ सीटला त्यासाठी खटका असतो. फिक्स बकेटची पाठ झुकतच नाही. दुसऱ्या बाजूची झुकायची, पण सरकायची नाही. आईचे गुडघे दुखतात. तिनं दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी राहते घरी." त्या महिन्यात ती साताऱ्याला आली नाही. पुढच्याही नाही.

आणि पाठ. खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत ठीक वाटायचं. शिरवळच्या पुढे उजवी मांडी बधिर व्हायला लागायची. खंबाटकी घाट चढताना मी सीटवर बूड हलवत बसायचो. नंतर मोजलं तेव्हा कळलं की सीट स्टीअरिंगच्या सरळ रेषेत नव्हतीच. दोन बोटं डावीकडे आणि किंचित तिरकी बसवलेली. तासभर कंबरेत पीळ घेऊन मी गाडी चालवत होतो. शिवाय खालचा ब्रॅकेट इतका उंच की हेल्मेट घातलं तर छताला टेकेल. म्हणजे ज्या ट्रॅकसाठी सीट घेतली तिथंही ती निरुपयोगी.

सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा खरा प्रकार उघडा पडला. तिथल्या मेकॅनिकनं मला खाली बोलावलं आणि टॉर्च सीटखाली धरला. पिवळा कनेक्टर. गाडीत पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅगची वायर. त्याच्या तोंडात सोल्डर केलेला एक छोटा रेझिस्टर खुपसून वर काळी टेप गुंडाळलेली होती.

हे नीट समजून घ्या, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. अशा गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेत शिवलेली असते. सीट काढली की एअरबॅगही गेली. ती गेली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागायला हवा, म्हणजे मालकाला कळतं. रेझिस्टर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा लागत नाही. मी चार महिने बायको-मुलीला घेऊन हायवेवर फिरलो आणि मला माहीतच नव्हतं की बाजूनं कुणी धडकलं तर वाचवायला तिथं काही नाही. पैसे गेल्याचं दुःख मी विसरेन. हे विसरणार नाही.

मग मेकॅनिकनं बेल्टचं बक्कल दाखवलं. मूळ सीटला बक्कल सीटच्या सांगाड्यावर असतं. इथं ते एका लोखंडी पट्टीवर, बाजारात किलोवर मिळणाऱ्या बोल्टनं कसलेलं. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. यावर काहीच नव्हतं. आणि बकेटच्या उंच कडेवरून येणारा बेल्ट ओटीपोटाच्या हाडावर न बसता पोटावर बसत होता. अपघातात असा बेल्ट पोटात रुततो आणि माणूस खालून पुढे घसरतो.

सीट खरी की खोटी याचा उलगडा नाना पेठेतल्या एका सीट कव्हरवाल्या काकांनी केला. चाळीस वर्षं हेच काम करणारा माणूस. त्यांनी मागची शिवण उसवली, हात आत घातला आणि मूठभर फोम बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. निळे, गुलाबी, पिवळे तुकडे एकत्र दाबून चिकटवलेले. स्वस्त सोफ्यात घालतात तो. "साहेब, हे जपानचं नाही. हे इथलंच," एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन दोन्ही सीट्सवरची एफआयएची, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेची स्टिकरं मोबाइलवर फोटो मोठा करून अक्षर-अक्षर वाचली. दोन्हींवर एकच नंबर. एक फिक्स, एक कलणारी, दोन वेगळ्या सीट्स आणि मंजुरीचा नंबर एक. उत्पादनाचा महिना-वर्ष कुठंच नाही. एफआयएच्या ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटवर उत्पादक, मंजुरी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते, कारण त्या सीटची मुदत पाच वर्षांची असते. ८८६२-२००९ वाल्यांची दहा. तारीख नसेल तर मुदत मोजणार कुठून? आणि पाठ कलणाऱ्या सीटवर रेसिंगची ही मंजुरी दिसली तर तिथंच उठून बाहेर पडा.

दुकानदारानं 'फ्री' दिलेला हार्नेस, म्हणजे चार पट्ट्यांचा रेसिंग बेल्ट, मी सुदैवानं कधी बांधला नाही. एका जाणत्या मित्रानं आधीच बजावलं होतं. रोल केज (छत दबू नये म्हणून गाडीत आतून लावतात तो लोखंडी सांगाडा) नसताना हार्नेस बांधला आणि गाडी उलटली, तर छत खाली येतं पण माणूस ताठ बांधलेला राहतो. साध्या बेल्टमध्ये तो निदान एका बाजूला कलतो.

आता जुन्या सीट्सचं. मी दुकानात फोन केला, म्हटलं पैसे राहू द्या, माझ्या सीट्स परत द्या. आधी म्हणाला गोडाउनला आहेत, मग म्हणाला भंगारात गेल्या. मग फोन उचलायचा बंद झाला. दोन आठवड्यांनी एका पोलोवाल्यानं आपल्या गाडीचा फोटो टाकलेला माझ्या नजरेस पडला. 'जीटीआयची ओरिजिनल सीट मिळाली.' काळ्या-करड्या चौकटी, लाल रेघ. ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेला, बसताना-उतरताना घासून कापड विरलेलं आणि त्यावर बायकोनं हातानं घातलेले सात टाके. मी फोटो मोठा करून टाके मोजले. सात.

त्या मुलाला मी मेसेज केला. तो नाशिकचा. बिचाऱ्यानं एकट्या ड्रायव्हर सीटचे ७० हजार मोजले होते, त्याच दुकानाला. म्हणजे ज्या जोडीचे मला ४० हजार 'कमी' केले, तिच्यातली एकच ७० हजारांना गेली. ९९ गाड्यांच्या सीट्स बाजारात मिळत नाहीत हे मला कळत नव्हतं, दुकानदाराला पहिल्या दिवसापासून कळत होतं. खोटी बकेट हे आमिष होतं. धंदा माझ्या सीट्सचा होता.

मुलगा चांगला निघाला. त्यानं सगळी चॅट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट मला दिले आणि घेतलेल्या किमतीतच सीट परत केली. एअरबॅग शाबूत होती. अधिकृत सर्व्हिसमध्ये बसवून, रेझिस्टर काढून, स्कॅन करून घेतली.

पोलीस चौकीत सुरुवातीला "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असं ऐकावं लागलं. नाशिकच्या मुलाचे कागद घेऊन गेलो तेव्हा लेखी अर्ज घेतला आणि पोच दिली. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते अर्जात लिहा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझी अडचण ती रोख दिलेल्या ५० हजारांची. यूपीआयचे सिद्ध होतात, रोखीचे होत नाहीत. व्हॉट्सॲपवर "बाकीचे मिळाले सर" असा दुकानदाराचा एक मेसेज आहे, त्यावरच सगळी भिस्त.

वकिलानं आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मालकाला असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२ अ खाली दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मी फसलो हे खरं, पण एअरबॅग काढलेली गाडी रस्त्यावर आणणारा मालक मीच होतो.

तुम्हाला सीट बदलायचीच असेल तर ट्रॅकपुरती बदला. मूळ सीट बदलीत देऊ नका. गादीच्या खोळीत गुंडाळून माळ्यावर ठेवा, भावाच्या घरी ठेवा, गावाला ठेवा, पण ताबा सोडू नका. बसवायच्या वेळी स्वतः उभे राहा आणि पिवळ्या कनेक्टरचं काय करतोय ते विचारा. उत्तर देताना अडखळला तर गाडी काढून घ्या. आणि घेण्याआधी त्याच मॉडेलच्या सीटमध्ये अर्धा तास बसून पाहा, पाच मिनिटं नव्हे.

आई परवा साताऱ्याला आली. शेजारची सीट सध्या दुसरी बसवली आहे, तीही एअरबॅगसकट, अधिकृत सर्व्हिसमधूनच. मूळ जोडीतली डावी सीट अजून सापडलेली नाही. तिच्या पाठीमागच्या खिशाखाली माझ्या मुलीनं निळ्या पेननं काढलेलं घर आहे, दोन खिडक्या आणि एक दार, धुऊनही न गेलेलं. कुणी जीटीआयची सीट विकायला आणली आणि मागे ते घर दिसलं, तर पैसे देण्याआधी मला कळवा.