जुनाट कंबरदुखीचा गट-कार्यक्रम: घरापर्यंत पोचला, नोकरीपाशी अडला

कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतेय, पट्टा, शेक, गोळ्या, मसाज सगळं करून झालंय आणि 'ऑपरेशनसारखं काही नाही' असं डॉक्टरांनी सांगितलंय, अशा लोकांसाठी हा कार्यक्रम आहे. एक फिजिओथेरपिस्ट, एक मानसशास्त्रज्ञ आणि आम्ही दहा-बारा दुखणेकरी, आठवड्यातून एकदा. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत. शिवाय याच धर्तीचे कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी चालतात, तेव्हा इतरांनाही उपयोग व्हावा.

आधी निकाल सांगते. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण मी पुन्हा वाकते, ओझं उचलते, रात्री झोपते. पैसे आणि वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही.

सुरुवात मात्र डोकं फिरवणारी होती. गेल्या गेल्या हातात एक प्रश्नावली. दुखायला लागलं की मनात काय येतं, याबद्दलचे १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. ती १९९५ पासून जगभर वापरली जाते, हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं की कंबर दुखतेय आणि ही माणसं विचारतायत, दुखणं कायमचं राहील अशी धास्ती वाटते का, दुसरं काही सुचेनासं होतं का. शेजारी बसलेले काका तर पेन खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे आम्ही सोंग करतोय का?"

मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचं उत्तर फार सरळ दिलं. "काका, दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते किती दिवस मुक्काम करणार, हे एकट्या मणक्यावर ठरत नाही, एवढंच आमचं म्हणणं." मग आमचेच एमआरआयचे रिपोर्ट काढायला लावले. माझ्या रिपोर्टमध्ये 'झीज' आणि 'गादीला फुगवटा' (गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती) असे दोन शब्द आहेत आणि त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली होती. मग बाईंनी एक तक्ता दाखवला. २०१५ साली काही संशोधकांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये गादीची झीज सापडली, ६० टक्क्यांमध्ये फुगवटा. विशीतल्यांमध्येसुद्धा ३७ टक्क्यांना झीज होती. दुखत कोणाचंच नव्हतं. मी पन्नाशीची आहे. हा तक्ता मला पहिल्याच दिवशी, रिपोर्ट हातात देतानाच कोणी दाखवला असता तर बरं झालं असतं.

(मेंदू म्हणजे घरातला धुराचा अलार्म, तो जरा जास्तच हळवा झालाय, हे उदाहरण मात्र प्रत्येक सत्रात ऐकावं लागतं. पहिल्यांदा पटतं. चौथ्यांदा अलार्मच काढून फेकावासा वाटतो.)

कार्यक्रमाचा सगळ्यात भक्कम भाग म्हणजे भीतीवरचं काम. मी एका ग्रंथालयात नोकरी करते. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्याला मी हात लावणं बंद केलं होतं. तिथलं पुस्तक हवं असेल तर शिपायाला हाक मारायची, नाहीतर वाचकालाच सांगायचं. फिजिओने मला जमिनीवरची पिशवी उचलायला सांगितली आणि फोनवर त्याचं चित्रण केलं. पाहिलं तर मीच चकित. वाकायच्या आधीच श्वास रोखलेला, ओठ घट्ट मिटलेले, एक हात गुडघ्यावर आणि पाठ फळीसारखी ताठ. पिशवीत काय होतं? एक टॉवेल. "ताई, एवढी तयारी तर पोतं उचलायलाही लागत नाही," असं तो म्हणाला आणि मलाही हसू आलं.

मग श्वास सोडत वाकायचं, पाठ गोल होऊ द्यायची, आधी स्टुलावरून, मग त्याहून खालून, मग जमिनीवरून. यामागचं गणित त्याने सांगितलं: दुखेल या भीतीने हालचाल टाळली की शरीर आखडतं, ताकद जाते, मन सतत दुखण्यावर पहारा ठेवतं, मग थोड्याशानेही जास्त दुखतं आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. फ्लायेन आणि लिंटन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली हे चक्र नीट मांडलं. पण मला ते त्या कप्प्यापाशीच कळलं. वाकले, थोडं दुखलं, आणि दुसऱ्या दिवशी कंबर जिथल्या तिथे होती.

चांगल्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, ही सवय मोडायलाही मदत झाली. काम दुखण्याकडे बघून थांबवायचं नाही, घड्याळाकडे बघून थांबवायचं. हे ऐकायला सोपं आहे, करायला महाकठीण. झोपेवरचं सत्र ठीकठाक. श्वासाच्या व्यायामाचं ध्वनिमुद्रण कंटाळवाणं.

घरच्यांचं सत्र मात्र चुकवू नका. प्रत्येकाने घरातलं एक माणूस आणायचं. माझा नवरा आला तोच मुळी 'हिला समजवा, फार काम करते' अशी तक्रार घेऊन. बाईंनी त्याला विचारलं, "यांचं दुखतंय हे तुम्हाला कसं कळतं?" तो म्हणाला, "तोंडावरून कळतं. मग मी हातातलं काम काढून घेतो." खोलीत बसलेल्या सगळ्या नवरा-बायकोंनी माना डोलावल्या. दुखलं की काळजी, विश्रांती, कामातून सुटका, आणि बरं वाटलं की कोणी विचारत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर दुखण्याचं वागणं, म्हणजे कण्हणं, आडवं पडणं, काम सोडणं, घट्ट होत जातं. फोर्डाइस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकातच हे मांडलं होतं. त्यात लबाडी कोणाचीच नसते, ना दुखणाऱ्याची ना काळजी करणाऱ्याची. नवऱ्याला मिळालेलं काम असं: 'दुखतंय का' हा प्रश्न बंद, हातातलं काम हिसकावणं बंद, त्याऐवजी संध्याकाळी सोबत चालायला जायचं. पहिला आठवडा तो घुश्शातच होता. "मग काळजी करायचीच नाही की काय?" पण चालण्याने आमच्या घरात जेवढा फरक पडला तेवढा मलमांनी पडला नव्हता. निदान आम्ही कंबर सोडून दुसऱ्या विषयावर बोलायला लागलो.

आता तक्रारी.

पहिली, त्यांचं अ‍ॅप. रोज सकाळी डोळे उघडले की फोन विचारतो, 'आज तुमचं दुखणं दहापैकी किती?' अहो, जे दुखणं मोजत बसू नका म्हणून तुम्ही मला शिकवताय, तेच मोजायला लावताय? नवऱ्याला जो प्रश्न बंद केला तोच फोनकडून. मी सूचना बंद करून टाकली. तुम्हीही करा.

दुसरी तक्रार मोठी आहे. नोकरीचा विषय यांनी अर्ध्या तासात गुंडाळला. १९९१ साली प्रसिद्ध झालेला, बोइंग या विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यातला अभ्यास पडद्यावर दाखवला. तीन हजारांवर कामगारांची पाहणी झाली होती, त्यात काम जवळपास कधीच न आवडणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचं प्रमाण, काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट निघालं. छान. मग पुढे काय? आमच्या साहेबांचं म्हणणं एकच: 'पूर्ण फिट' असा दाखला आणा, नाहीतर रजेवर राहा. हळूहळू तास वाढवत कामावर परतणं हाच चांगला मार्ग, असं हाच कार्यक्रम सांगतो, पण ते घडवून आणायला केंद्राने एक छापील पत्र दिलं आणि हात झटकले. साहेबांनी ते वाचून फाइलला लावलं. एक फोन केला असता तरी वेगळं झालं असतं. गटातल्या एका बाईंचा भरपाईचा दावा चालू होता. त्यांची अडचण तर आणखी वेगळी: बरं वाटतंय म्हटलं तर दाव्यावर संशय, दुखतंय म्हटलं तर इथे प्रगती नाही. त्यावर सत्रात कोणी काही बोललंच नाही. मनाचं सगळं ओझं रुग्णाच्या गळ्यात आणि कचेरीचं कोणाच्याच नाही, हे मला खटकलं.

तिसरी, शेवटच्या सत्रानंतर सगळं संपतं. २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या ४९२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात याच प्रकारच्या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. पण तिथे सत्रं एकेकट्याशी होती आणि २६व्या आठवड्याला उजळणीचं एक सत्र ठेवलं होतं. इथे उजळणी नाही. मध्येच कंबर पुन्हा धरली तर करायचं काय, याचा एक कागद देतात. कागद चांगला आहे, पण तो कागदच.

जाण्याआधी डॉक्टरांची तपासणी मात्र झालेलीच हवी. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी कधी कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर असल्या कार्यक्रमाची वाट बघत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. इथे नाव नोंदवताना हे सगळं विचारतात, ही त्यांची जमेची बाजू.

पाचपैकी साडेतीन तारे. एक नोकरीच्या सत्राचा कापला, अर्धा अ‍ॅपचा. नाव घालण्याआधी दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: घरच्यांचं सत्र फीमध्ये धरलेलं आहे का, आणि तुमच्या साहेबांशी कोणी बोलेल का. दुसऱ्याचं उत्तर 'पत्र देतो' असं आलं तर ते पत्र साहेबांच्या हातात तुम्हालाच द्यावं लागेल, त्यांच्याशी काय बोलायचं तेही घरूनच ठरवून जा.