चांदीच्या मुठीची अमेरिकी तलवार: वसाहतकाळातली की यादवीतली?

संग्रहासाठी एकच घ्यायची, तर कोणती? १८व्या शतकातली मूठ बॉस्टनच्या जेकब हर्डसारख्या चांदीकाराने हाताने घडवलेली. पातं मात्र बहुधा युरोपातून आलेलं. अमेरिकेत तेव्हा सरकारी हॉलमार्क नव्हता, त्यामुळे सगळी मदार कारागिराच्या ठशावर. आणि ठसे खोटेही मारले जातात! जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

१८६१-६५च्या यादवीतली मानाची तलवार मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपीच्या एम्स कंपनीची किंवा न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांची. त्यावर बऱ्याचदा कुणाला, कशासाठी दिली तेही कोरलेलं असतं, म्हणून लष्करी नोंदींशी ताडून पाहता येतं. पण ‘चांदीची’ म्हणून विकतात ती कधी नुसता मुलामा निघते.

घासून चकचकीत करणं दोन्हींना घातकच.

चांदीकामाचं वेड असेल तर हर्डचा काळ. अधिकाऱ्याचा इतिहास हवा असेल तर एम्स.