आई-बाबाच ऑटिस्टिक असतील तर घरात मदतीला कोण ठेवावं?

मूल ऑटिस्टिक (स्वमग्न) असलं तर काय करायचं हे सांगणारे बेळगावात आता बरेच भेटतात. आई किंवा बाबा स्वतः ऑटिस्टिक असले तर मात्र विचारायला जागा नाही. पुष्कळांना आपलं निदान मुलाच्या निदानानंतर, तिशी-चाळिशीत कळतं. तोवर 'तिरसट', 'आपल्याच तंद्रीत असते' असे शिक्के बसून गेलेले असतात.

मदत घ्यायची हे पक्कं झालं की समोर चार पर्याय येतात: घरचं माणूस, वरकामाच्या मावशी, ब्युरोची, म्हणजे घरकामाला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, चोवीस तासांची बाई, आणि ठरावीक तासांची, आपणच शिकवून तयार केलेली मदतनीस. माझा कौल शेवटच्या पर्यायाला आहे. का, ते सांगायला आधी अडतं कुठे ते बघावं लागेल.

धुणं-भांडी हा बहुतेकदा अडचणीचा भाग नसतोच. कुकरची शिट्टी होतेय, पोर रडतंय, दारात गॅसवाला उभा आहे आणि शाळेच्या ग्रुपवर 'उद्या पिवळे कपडे' असा निरोप, तोही कन्नडमधून. यातलं एकेक काम नीट जमतं. एकातून उठून दुसऱ्यात शिरणं जमत नाही, आणि त्यात आवाज सोसत नसला तर तासाभरात बोलणंच खुंटतं. म्हणून येणारं माणूस किती कामं उरकेल यापेक्षा ते डोक्यावरचं काय उतरवेल आणि नवीन काय चढवून ठेवेल, हे बघा.

सासूबाई, नणंद, गावाकडची मावशी, खानापूर भागात अजून पहिल्यांदा हेच सुचतं. पैसे लागत नाहीत, पोरांना लळा असतो, रात्री-अपरात्री माणूस हाताशी असतं. पण घरचं माणूस सूचना घेत नाही, देतं. डाळींचे डबे आपल्या सोयीने हलवतं, न कळवता पाहुणे बोलावतं. तुम्ही कानावर हेडफोन चढवलात की 'आमचं बोलणं नको झालंय की हिला!' पगारी माणसाला 'उद्यापासून असं करा' म्हणता येतं, सासूला म्हणून बघा.

पैशाअडक्याचं तर स्वच्छ ठेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १३ सांगतं, की दिव्यांग माणसाला व्यवहारात आधार देणाऱ्याचे स्वतःचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात आड येत असतील, तर त्या व्यवहारापुरतं त्याने बाजूला राहावं. आधाराची व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा हक्कही तेच कलम देतं. शेतीची वाटणी रखडलेल्या घरात हे दिराला माहीत असलेलं बरं. कुणी 'तुमच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेऊया' असं सुचवलं तर घाई करू नका. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सोय आहे, पण मदतनीस ठेवायला त्या कागदाची काही गरज नाही.

वरकामाच्या मावशी सगळ्यांत स्वस्त, आणि परवडत असेल तर त्या असाव्यातच. पण त्यांनी शाळेत फोन करावा, बिलं बघावीत ही अपेक्षा धरू नका. त्यांची चार घरं असतात, वेळ पुढेमागे होणारच. ठरलेली वेळ चुकली की ज्याचा अख्खा दिवस विस्कटतो, त्याला हे जड जातं.

ब्युरोची बाई मिळते लवकर. तिला सवय असते ती म्हाताऱ्या माणसांची नाहीतर बाळंतिणीची. दोन खोल्यांच्या घरात चोवीस तास परकं माणूस, त्याच्या मालिका, त्याचा फोन. आवाजाला कंटाळलेल्याच्या घरात आपण आवाजच आणून ठेवतो! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाळ रडलं की ती उचलते आणि आई नुसती बघत राहते. मदत आईला हवी, आईच्या जागी नको. शिवाय बदली बाई आली की सगळं पहिल्यापासून समजवा. खर्चही जास्त: पगार, जेवण, ब्युरोचं कमिशन. कोल्हापूरकडची बाई असेल तर कन्नडची बोंब. तरीही घरात तान्हं मूल असेल आणि एकट्यावरच सगळं असेल, तर पहिले काही महिने हाच पर्याय घ्यावा लागतो. मुदत मात्र आधीच ठरवा.

आता चौथा पर्याय. डी.एड. करून घरी बसलेली, एमएसडब्ल्यू (समाजकार्य) शिकणारी किंवा बालवाडीत काम केलेली, कन्नड वाचता येणारी कुणी बघा. सकाळी शाळेआधीचे दोन तास किंवा संध्याकाळी चार ते सात. शाळेची नोटीस वाचून ती मराठीत वहीत उतरवेल, हेस्कॉमचं विजेचं बिल, डॉक्टरांची वेळ, दारावरची माणसं सांभाळेल, पालकसभेत शेजारी बसेल. पहिल्याच दिवशी फ्रिजवर कागद लावायचा: 'बेल वाजवू नये, दारावर हलकं टकटक करावं. एका वेळी एकच प्रश्न. आई खोली लावून बसली तर हाका मारू नयेत. पोराला वरण-भात द्यावा, आई आपणहून येईल.' बोलून सांगणं जड जात असेल तर सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, त्यात काही गैर नाही.

तोटे आहेतच. शिकवण्यात सुरुवातीचे आठवडे जातात, मालकीण म्हणून 'हे नको' म्हणावं लागतं, आणि लग्न ठरलं किंवा नोकरी लागली की मुलगी जाते. जाताना तो कागद तिच्याकडूनच नीट लिहून घ्या, पुढचीला उपयोगी पडतो. पोलिस पडताळणी यातही सोडू नका.

खर्च खिशातूनच धरा. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखाली गरज तपासताना मुलांची जबाबदारी पार पाडता येते का हेही बघतात, आणि पात्र ठरलात तर माणूस ठेवायला थेट पैसे मिळू शकतात. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, कलम ३८ खाली जास्त आधारासाठी अर्जही करता येतो. पण त्याच्या भरवशावर कुणाला पगार कबूल करू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मात्र काढून ठेवा. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा, कन्नड अर्जाचं काम सोपं होतं.

बोलणी करतानाच सणांचे दिवस ठरवून टाका. गणपती आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, ढोल आणि डॉल्बी रात्रभर, तेव्हाच तुम्हाला जादा तास लागणार. आणि तेव्हाच तिलाही सुट्टी हवी असणार.