देशाँ, सात नंबर

माझा मुलगा फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह मिडफिल्डला, म्हणजे बचावफळीच्या जरा पुढे खेळतो. दर रविवारी पुण्यात एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर बघतो, गोल करणाऱ्याला सगळे मिठ्या मारतात आणि ज्याने मागे बॉल हिसकावला तो गुपचूप आपल्या जागेवर परतलेला असतो. चौदाव्या वाढदिवसाला त्याने याच जागेवर खेळणाऱ्या फ्रान्सच्या दिदिए देशाँची (Deschamps) 1998 च्या वर्ल्ड कपची निळी जर्सी मागितली, तेव्हा मला भरून आलं.

आधी ऑनलाइन मागवली, तर नावातला 'सी'च गायब. परत पाठवली आणि कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटजवळच्या गल्लीतल्या जर्सी छापणाऱ्या छोट्या दुकानात गेलो.

"फ्रान्स? म्हणजे झिदान, दहा नंबर ना?" काकांनी विचारलं.

"नाही काका, देशाँ. सात."

मग मुलगाच बोलायला लागला. फ्रान्सच्याच काँतोनाने ज्याला 'पाणक्या', म्हणजे दुसऱ्यांना नुसता बॉल आणून देणारा, म्हणून हिणवलं, तो 1998 ला फ्रान्सचा कॅप्टन होता. त्याआधी 1993 ला मार्सेय क्लबचा, पुढे 2000 च्या युरोतही तोच. देशासाठी 103 सामने, गोल फक्त 4! प्रशिक्षक झाल्यावर खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेल्या इटलीच्या युव्हेंटस क्लबला त्याने 2007 मध्ये वर आणलं, आणि 2018 ला फ्रान्सला वर्ल्ड कप जिंकून दिला. खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही म्हणून वर्ल्ड कप जिंकणारे देशाँच्या आधी दोघंच, झागालो आणि बेकेनबाउर.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. नऊ अक्षरांचं नाव, शिवाय लहान मापाची जर्सी. त्यांनी आधी साध्या कागदावर नाव छापलं, पोराला पाठमोरं उभं करून पाठीवर धरून बघितलं. कडेची अक्षरं काखेकडे जात होती, म्हणून सगळं थोडं अरुंद करून पुन्हा कापलं. 'ए' आणि 'पी'च्या पोटातले विनाइलचे बारीक तुकडे चिमट्याने एकेक करून उचलले. एवढी मेहनत या नावावर घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मशीनखाली दाबताना वर बटर पेपर होता, कापडावर चमक आली नाही.

छपाईचे 250 रुपये घेतले, वाजवी आहेत. वेळेचं मात्र सांभाळा: शुक्रवारी देतो म्हणाले, मिळाली मंगळवारी, वाढदिवस उलटून गेला. दुकानाला पाचऐवजी चार स्टार त्यामुळेच.

सहा धुण्यांनंतरही एक कड सुटलेली नाही. उलटी करून गार पाण्यात धुवा, इस्त्री छपाईवर फिरवू नका. आणि नाव कागदावर स्पेलिंगसकट लिहून न्या, फ्रेंच नावं नुसती ऐकून लिहिता येत नाहीत.