अलास्काचा इनसाइड पॅसेज: मोठी क्रूझ की छोटी बोट?

सिएटलच्या मामेबहिणीचा फोन आला. अलास्काच्या किनाऱ्यालगत बेटांमधून जाणाऱ्या इनसाइड पॅसेज या समुद्रमार्गाने फिरायचंय, सोबत तिचे आई-बाबा, मग कोणती बोट घ्यायची?

पैशांत मोठी क्रूझ सरळ जिंकते. छोट्या बोटीचं भाडं कैक पटींनी जास्त, कारण खर्च वाटून घ्यायला माणसंच दहा-बारापासून शंभरेक. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार.

पण देवमासे बघायचे असतील तर हिशेब उलटतो. मोठं जहाज जुनो, केचिकान, स्कॅगवे अशा बंदरांना वेळापत्रकाने धावतं. हिमनद्यांच्या ग्लेशियर बे या खाडीत शिरलं तरी प्रवासी डेकवरच, किनाऱ्याला पाय लागत नाही. छोटी बोट मात्र हम्पबॅक देवमासे दिसले की इंजिन बंद करून थांबते. नियमाने सुमारे 90 मीटर लांब राहावं लागतं, तरी शांत पाण्यात त्यांचा फुसकारा स्पष्ट ऐकू येतो. बुडबुड्यांचं जाळं करून हेरिंग मासे वर कोंडायचे आणि सगळ्यांनी एकदम तोंड उघडून वर यायचं, हे मी छोट्या बोटीवरून पाहिलं. अंगावर काटा आला!

बोट लागण्याची भीती दोन्हीकडे कमीच, बेटांचा आडोसा असतो. पाऊस मात्र भरपूर.

गुडघे दुखणाऱ्यांना, लिफ्ट आणि डॉक्टर हवे असणाऱ्यांना मोठी क्रूझ. डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, चढउतार जमत असेल, कायाक वल्हवायची हौस असेल आणि पैसे साठवले असतील, तर छोटीच. बहिणीला म्हटलं, मामा-मामींना यंदा मोठ्या जहाजाने ने. छोटीवर आपण दोघी जाऊ.